आकड्यांची सावड
जुन्नर-आंबेगावच्या पावसाच्या नोंदींचे एक वाचन

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावाकडे गेलेल्या एसटीच्या चालकाला नेहमीच्या जागी गाव दिसले नाही. तेथे चिखल होता. डोंगराचा तुकडा चाळीसच्या आसपास घरांवर उतरला होता. मृतांचा अधिकृत आकडा पुढे १५१ झाला. या दुर्घटनेवर बरेच लिहिले गेले आहे. मला मात्र त्यातील एकच तपशील सोडवत नाही. ही बातमी जगाला कोणत्याही यंत्राने, नकाशाने किंवा कार्यालयाने दिली नाही. रोजच्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या एका माणसाने दिली. काय बदलले हे त्याला कळले, कारण काल तेथे काय होते हे त्याला ठाऊक होते.

मी हवामानतज्ज्ञ नाही. माझे आयुष्य मजकूर वाचण्यात आणि शिकवण्यात गेले. कविता असो की सरकारी परिपत्रक, मजकूर कोणाला उद्देशून आहे, त्यातील शब्दांचे वजन किती आणि त्यातून काय वगळले आहे, एवढे पाहण्याची सवय मला आहे. या लेखात हीच सवय मी हवामानाच्या कागदपत्रांना लावून पाहतो आहे. हवामानबदलाशी जुळवून घेण्याच्या योजना आखताना ‘माहितीची देवाणघेवाण’ हा शब्दप्रयोग आता सर्रास होतो. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत बसून तो वाचला, की प्रश्न पडतो: यात देवाण कोणाची आणि घेवाण कोणाची?

चौकट

माळीण गाडले गेले त्याच २०१४ सालचे दोन दस्तऐवज माझ्यासमोर आहेत. पहिला भारतीय हवामान खात्याच्या पुण्यातील शास्त्रज्ञांचा. सिमल्याहून १९२८ मध्ये पुण्यात आलेल्या आणि म्हणूनच अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणवल्या जाणाऱ्या कचेरीची ही परंपरा. खात्याच्या ‘मौसम’ या नियतकालिकात त्या वर्षी देशाच्या दैनंदिन पावसाचा एक नवा संच प्रसिद्ध झाला. १९०१ पासूनच्या नोंदी, ६,९५५ पर्जन्यमापक केंद्रे आणि सगळा देश पाव अंशाच्या चौकटींत विभागलेला. हे काम फार मोठे आहे. शंभरहून अधिक वर्षे तालुक्यातालुक्यांतील कारकुनांनी, तलाठ्यांनी, शाळामास्तरांनी वह्यांत टिपलेले आकडे येथे एका भाषेत बोलू लागले. आज हा संच कोणालाही उतरवून घेता येतो, ही त्याहून मोठी गोष्ट.

दुसरा दस्तऐवज राज्याचा. महाराष्ट्र शासनाने ‘टेरी’ या संस्थेकडून हवामानबदलाला तोंड देण्याचा कृती आराखडा करवून घेतला. ब्रिटनचे हवामान खाते त्यात भागीदार होते. पुढील दशकांतील तापमान आणि पाऊस यांचे अंदाज संगणकीय प्रारूपांतून काढले गेले, जिल्ह्यांची असुरक्षितता मोजली गेली आणि नंदुरबार सर्वाधिक असुरक्षित ठरला. मुंबई, दिल्ली आणि इंग्लंड यांच्यातील हे सहकार्य त्या काळी पुढचे पाऊल होते आणि आजही त्याचे मोल कमी नाही.

आता हे दोन्ही दस्तऐवज नाणेघाटाच्या तोंडाशी उभे राहून वाचावेत. पाव अंश म्हणजे आपल्याकडे सुमारे सव्वीस-सत्तावीस किलोमीटर. नाणेघाट ते जुन्नर शहर हे अंतर सरळ रेषेत वीसेक किलोमीटर. घाटमाथ्यावर आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. तेच ढग जुन्नरपर्यंत येता येता हलके होतात आणि पूर्वेला बेल्हे, आणे पठारापर्यंत पोचतात तेव्हा त्यांच्यात शिडकाव्यापुरतेच पाणी उरते. पश्चिमेला भाताची खाचरे, मध्ये ऊस, टोमॅटो आणि द्राक्षे, पूर्वेला बाजरी आणि उन्हाळ्यातला टँकर. साठेक किलोमीटरच्या पट्ट्यात पाऊस कित्येक पटींनी बदलतो. एका चौकटीत घाटमाथाही येतो आणि पर्जन्यछायाही, आणि दोन्ही मिळून एकच आकडा. तो आकडा खोटा नसतो. तो कोणत्याच गावाचा नसतो.

जिल्हा हे एकक घेतले, तर गुंता वाढतो. एखादा जिल्हा किती असुरक्षित हे ठरवताना धोका, त्या धोक्याची झळ आणि तो झेलण्याची ताकद, असे तीन हिशेब मांडतात. पुणे जिल्ह्याच्या हिशेबात हडपसर आणि माळीण एकाच ओळीत येतात. शहराची रुग्णालये, रस्ते आणि उत्पन्न यांनी जिल्ह्याची ‘ताकद’ वाढते. आहुप्याच्या वाडीतल्या माणसाला त्यातले काय मिळते? सरासरीने येथे केलेले काम मराठी वाङ्मयाच्या इतिहासांनी बोलींबाबत केलेल्या कामासारखे आहे. एकच प्रमाण रूप राहिले, बाकीची तळटीपही झाली नाहीत.

हा दोष शास्त्रज्ञांचा आहे असे मी म्हणत नाही. देशाचा पाऊस पाहायला पाव अंश पुष्कळ बारीक आहे. दोष वाचनाचा आहे. देशासाठी केलेला मजकूर आपण वाडीसाठी वाचतो आणि त्यावर वाडीचे नियोजन करतो.

तुरळक ठिकाणी

रोजच्या हवामानवृत्ताची भाषा घ्या. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे, की ते कानांवरून निसटून जाते. पण हवामान खात्याच्या परिभाषेत त्यातील प्रत्येक शब्द मोजलेला आहे. विभागातील पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’. त्यापुढे पन्नास टक्क्यांपर्यंत ‘काही ठिकाणी’. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार पाऊस, ११५.६ पासून पुढे अति जोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार. इतका काटेकोर मजकूर मराठीत क्वचितच लिहिला जातो. तरीही तो ऐकणाऱ्यापर्यंत सैल होऊन पोचतो, कारण या शब्दांची किल्ली त्याला कोणी दिलेली नाही. ‘तुरळक’ म्हणजे थोडासा, असे तो समजतो. खात्याला मात्र म्हणायचे असते: पडेल तेथे धो धो पडेल, पण थोड्याच जागी. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ घाटात जिवावर बेतू शकतात.

शेतकऱ्याकडे स्वतःची परिभाषा नव्हती असे नाही. पुनर्वसूचा ‘तरणा’ आणि पुष्याचा ‘म्हातारा’ पाऊस तो वेगळा ओळखतो. वाफसा आला की नाही हे त्याला ढेकूळ हातात चुरून कळते. पाडव्याला पंचांग वाचले जाई तेव्हा सगळे गाव एकत्र ऐके. भाकीत चुकले तरी त्याचा अर्थ सर्वांना सारखाच कळलेला असे. जुन्या रीतीला विज्ञान म्हणण्याचा माझा हट्ट नाही. तिच्यात निरोप देणारा आणि घेणारा यांची भाषा एक होती, एवढेच मला म्हणायचे आहे.

याच आकड्यांवर आता पैसाही ठरतो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला, की अतिवृष्टी. त्याखाली राहिला, तर नुकसान डोळ्यांना दिसत असूनही कागदावर प्रश्न उभा राहतो. मंडळ म्हणजे अनेक गावांचा समूह, आणि त्यात मोजमाप बहुधा एका जागी. राज्याने २०१७ पासून खासगी कंपनीच्या भागीदारीत ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली. पूर्वी तालुक्याला एक आकडा मिळे, आता मंडळाला मिळतो. मंडळनिहाय रोजचा पाऊस कृषी विभागाच्या संकेतस्थळावर कोणीही पाहू शकतो. ही प्रगती मी मोकळेपणाने मान्य करतो.

पण माझ्या एका द्राक्षबागायतदार स्नेह्याचा अनुभव सांगतो. फुलोऱ्यातल्या बागेवर त्याच्या डोळ्यांदेखत तासभर पाऊस कोसळला. केंद्र दोन ओढे ओलांडून पलीकडे. तेथे जमीन जेमतेम भिजलेली. हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई ठरते ती केंद्रावरच्या नोंदीवर. त्याचा दावा नामंजूर झाला. नियमाप्रमाणे ते बरोबरही असेल. त्याचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. ‘‘सर, पाऊस माझ्या बागेत पडला, पण त्याची साक्ष द्यायचा हक्क मला नाही,’’ तो म्हणाला. त्याच्या घरी साधे पर्जन्यमापक होते, वही होती, तारीखवार नोंद होती. ती वही ठेवायला या व्यवस्थेत कप्पाच नाही.

साडेआठची नोंद

आपल्याकडे दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात. मागच्या साडेआठपासून या साडेआठपर्यंतचे पाणी म्हणजे त्या दिवसाचा पाऊस. देशभर एकच वेळ पाळल्याशिवाय तुलना करता येणार नाही, म्हणून ही शिस्त योग्यच आहे. पण माळीणवर डोंगर उतरला तो पहाट-सकाळच्या वेळी. रात्रभर जे कोसळले त्याचा पूर्ण आकडा शिस्तीप्रमाणे वहीत चढेपर्यंत गाव राहिले नव्हते. इतिहासासाठी ती नोंद मोलाची. वाडीतल्या माणसासाठी ती श्राद्धाच्या तिथीसारखी.

माळीणनंतर हालचाल झाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २०१४-१५ पासून देशभर दरडप्रवण क्षेत्रांचे नकाशे करण्याचा कार्यक्रम हाती घेतला, एकास पन्नास हजार या प्रमाणावर. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. चाळीस घरांची वाडी अशा नकाशावर तांदळाच्या दाण्याएवढी. शिवाय हा नकाशा कोठे धोका आहे ते सांगतो, केव्हा ते सांगत नाही. ‘केव्हा’ पावसाला विचारायचे, आणि पाऊस दुसऱ्या खात्याकडे. उतारावर कोणाचे घर आहे, म्हातारे कोण, रस्ता कोणता बंद होतो, हे तिसऱ्याकडे: ग्रामपंचायतीकडे, आशाताईकडे, एसटीच्या चालकाकडे. तीन कागद तीन टेबलांवर. ते एकत्र ठेवले तरच ‘आज रात्री शाळेत झोपायला या’ हे एक वाक्य तयार होते. माळीणमध्ये शाळेची इमारत वाचली होती, हे येथे आठवते.

असे वाक्य तयार करण्याचे प्रयत्न झालेले आहेत. पुण्यातील सेंटर फॉर सिटिझन सायन्स ही संस्था पावसाच्या नोंदी आणि अंदाज यांच्या आधारे ‘सतर्क’ या नावाने घाटभागासाठी दरडींचे इशारे देते. हवामान खातेही आता पुणे जिल्ह्याचा इशारा देताना घाट परिसर वेगळा सांगते. जिल्हा हे एकक पुरेसे नाही याची ती कबुलीच आहे. तरी २२ जुलै २०२१ ला महाडजवळचे तळीये गेले, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी गेली. इर्शाळवाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. यादी हाही एक मजकूरच. त्यात ज्याचे नाव नाही, त्याला रात्री उठवायला कोणी जात नाही.

सात तालुके आणि तीस ताटल्या

‘प्रादेशिक सहकार्य’ हे शब्द आले, की डोळ्यांसमोर सभागृह आणि करारावर सह्या करणारे पाहुणे येतात. आमच्याकडे प्रदेश पाण्याने आखला आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे जुन्नर-आंबेगावात आहेत. त्यांचे पाणी शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि करमाळ्यापर्यंत जाते. तीन जिल्हे, सात तालुके. घाटमाथ्यावर आषाढात किती पडले यावर करमाळ्यातल्या माणसाचे चैत्रातले आवर्तन अवलंबून. पाऊस एकाच्या दारात आणि पाण्याची वाट पाहणारा दुसऱ्याच्या शेतात, असे हे नाते आहे. तरी आवर्तनाच्या वेळी चर्चा होते ती कोणाचे किती यावर. येणाऱ्या वीस वर्षांत घाटावरच्या पावसाची रीत बदलली, थोड्या दिवसांत जास्त पडून मधे खंड वाढले, तर पाचही धरणे कशी भरायची आणि कशी सोडायची, हा प्रश्न सातही तालुक्यांचा एकत्रित आहे. त्यासाठी सर्वांसमोर एकच वही उघडी असायला हवी. प्रत्येक जण आपापला आकडा घेऊन आला, की बैठक हिशेबाची न राहता भांडणाची होते.

उघड्या वहीचा नमुना शोधायला फार लांब जावे लागत नाही. जुन्नर तालुक्यातच, नारायणगावजवळ खोडदला, जीएमआरटी ही महादुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस ताटल्या सुमारे पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. दूरच्या दीर्घिकेचा एक बिंदू नीट दिसावा म्हणून शास्त्रज्ञांनी तेवढ्या अंतरात तीस ठिकाणी कान लावले. आपल्या पावसासाठी तेवढ्याच अंतराला आपण एक चौकट पुरेशी मानली. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जगातला कोणताही संशोधक तेथे वेळ मागू शकतो, आणि ज्याने निरीक्षण केले त्याचा ठराविक मुदतीचा हक्क संपला, की ती नोंद सर्वांना खुली होते. कोणी मोजले, कोणाचा पहिला हक्क, केव्हा सर्वांचे, हे सगळे लिहून ठेवलेले आहे. आकाशातून आलेल्या लहरींसाठी हे जमते. आकाशातून पडलेल्या पाण्यासाठी जमू नये?

सावड

आळेफाट्यावरून उत्तरेला बोट्याच्या दिशेने निघाले, की जुन्नर संपून संगमनेर लागते. त्याच्या पश्चिमेला अकोले. या दोन शेजारी तालुक्यांत पाणलोटाचे काम करणारी ‘वॉटर’ ही संस्था गेल्या दशकाच्या सुरुवातीपासून वेगळा प्रयोग करीत आली. गावात स्वयंचलित केंद्र, हवामान खाते आणि राहुरीचे कृषी विद्यापीठ यांच्याशी सहकार्य आणि तेथल्या पिकांना धरून मराठीत सल्ला: मोबाइलवर आणि गावातल्या भिंतीवरही. मला त्यातली भिंत महत्त्वाची वाटते. भिंतीवर लिहिलेले चुकले, तर गाव चूक दाखवते. मोबाइलवरचा निरोप पुसला जातो, भिंत मात्र उत्तर देण्यास बांधील असते.

असे काम टिकते ते माणसांवर. केंद्र सरकारने कृषी विज्ञान केंद्रांत उभारलेले १९९ जिल्हा कृषी-हवामान कक्ष २०२४ च्या सुरुवातीला बंद झाले. आकडे गोळा करणे स्वयंचलित झाले, मग माणूस कशाला, असा विचार त्यामागे दिसतो. समीक्षेच्या धंद्यातल्या माणसाला हा युक्तिवाद ओळखीचा आहे. पुस्तक छापले आहे, मग शिक्षक कशाला?

यावर दुसरी बाजू आहे, आणि ती हलकी नाही. प्रत्येकाच्या वहीला मान दिला, तर भरपाईच्या दिवशी प्रत्येक वहीत ६५ च्या वरचाच आकडा निघेल. झाडाखाली, छपराच्या कडेला ठेवलेले मापक खोटे बोलते. कच्ची नोंद चुकीची वाचली, तर घबराट होते. हे सगळे खरे. पण त्यावरचा उपाय वही बंद करणे हा नाही. वह्या शेजारी शेजारी ठेवणे हा आहे. दहा गावांच्या नोंदी रोज सर्वांसमोर असल्या, तर अकरावी खोटी आपोआप उठून दिसते. खोटेपणा वाढतो तो एकट्या आकड्याच्या आसऱ्याने.

आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम भागात ‘पडकई’ हा शब्द आहे. उताराची जमीन फोडून, बांध घालून भातखाचरे करण्याचे ते काम. एका घराच्या बळावर ते होत नाही. म्हणून घरे मिळून आज याचे, उद्या त्याचे, असे सावडीने ते केले जाई. माळीणनंतर याच पडकईच्या नावाने, यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाने डोंगर खचला का, असा वाद झाला. त्या वादात मी शिरत नाही. सावडीचा नियम तेवढा घेतो. सावडीत देणाऱ्याला परत मिळते, वेळेवर मिळते आणि त्याच्याच शेतात मिळते. दिले आणि परत काही आले नाही, तर ती सावड नव्हे, वेठ.

आज आमच्या गावांतून वर जाणारे आकडे वेठीला जुंपलेले आहेत. ते पुण्याला जातात, दिल्लीला जातात, प्रारूपांत शिरतात आणि परत येतात ते जिल्ह्याची सरासरी होऊन. सावड व्हायची, तर तीन गोष्टी पुरेत. मोजलेला आकडा मोजणाऱ्या गावाच्या भिंतीवर त्याच दिवशी लागावा, आणि घाटात दर तासाला. गावाची स्वतःची नोंद, तपासून का होईना, वहीत घेतली जावी आणि चूक दाखवण्याचा हक्क गावाला असावा. आणि पाऊस, उतार, धरण यांचे तिन्ही कागद सातही तालुक्यांना एका जागी वाचता यावेत. यातले एकही काम नव्या शोधाची वाट पाहत नाही.

मी शाळेत होतो तेव्हा आवारात एक पर्जन्यमापक होते. गुरुजी साडेआठला आम्हांला घेऊन जात, नळीतले पाणी डोळ्यांच्या रेषेत धरायला लावत आणि आकडा आमच्याकडून लिहून घेत. काही वर्षांपूर्वी त्या वह्या पाहायला गेलो. दुरुस्तीच्या वेळी रद्दीत गेल्या, असे कळले. कोणाचा दोष नव्हता. कोणी मागितल्याच नव्हत्या. आमच्या गावाच्या कित्येक पावसाळ्यांची ती एकमेव प्रत होती. त्यातला एखादा आकडा सिमला ऑफिसपर्यंत पोचला असेल, तर तो आज एखाद्या चौकटीच्या सरासरीत आहे. त्याच्यावर गावाचे नाव नाही.